माझं गार मटण

गुरुवार, ९ ऑक्टोबर १९८६

आज एका बाईने मला भूतकाळात ढकललं. तेही माझ्याच घरात, माझीच कॉफी पिता पिता.

आमच्या पॅरिसच्या जुन्या पेपरातून आली होती. मारिव्होन ल गेलेक. पंचेचाळिशीची असेल. ब्रतान्यच्या समुद्रकाठची. डोक्याला निळा रुमाल गच्च बांधलेला. फोनवर म्हणाली होती— 'व्होकिए साहेब, तुमच्यावर मोठा लेख करायचाय.' मला वाटलं, वा! निवृत्त होऊन दहा वर्षं झाली, आत्ता आठवण झाली यांना. दाढी केली. बरा कोट काढला. टेबलावर माझ्या अकराच्या अकरा कादंबऱ्या सहज पडल्यासारख्या ठेवल्या. सहज पडायला बराच वेळ लागला.

चौथा मजला, लिफ्ट नाही. वर आल्यावर ती आधी नुसती बसून राहिली. मग वही उघडली आणि पहिलाच प्रश्न— 'साहेब, सकाळी न्याहारीला तुम्हाला काय आवडायचं?'

आवडायचं!

मी कप खाली ठेवला. म्हटलं, 'बाई, मला अजून आवडतं.'

कानापर्यंत लाल झाली. 'माफ करा. जिभेला सवय लागलीय.'

ही सवय कुठे लागते ते मला कोणी शिकवायला नको. त्या पेपरात एकतीस वर्षं काढलीत मी. गार मटणाचं कपाट आता हिच्याकडे आहे तर! बाहेरच्यांना ऐकून किळस येते, पण आमच्याकडे हाच शब्द आहे. मोठी माणसं हिंडत-फिरत असतानाच त्यांचे मृत्युलेख लिहून कपाटात ठेवायचे— गार मटण. माणूस गेला की फक्त तारीख भरायची. मंत्र्यांचं असतं, नट्यांचं असतं, पोपचं तर कायम तयार. तरुणपणी मीही पाच-सहा शिजवली होती. त्यातले दोघे अजून जिवंत आहेत, हलकट.

आता माझं शिजतंय.

'लेख कधी छापणार?' मी विचारलं. उगाच, गंमत म्हणून.

'ते सर्वस्वी तुमच्यावर आहे,' ती म्हणाली.

बाई चलाख आहे.


शुक्रवार, १० ऑक्टोबर

न्याहारी: पाव, लोणी, जर्दाळूचा मुरांबा. चवीने खाल्ली. वर्तमानकाळात.


रविवार, १२ ऑक्टोबर

युगेतकडे जेवायला. घटस्फोट होऊन बावीस वर्षं झाली, पण रविवारची कोंबडी काही सुटली नाही. आमच्या लग्नात कोंबडीच तेवढी टिकाऊ निघाली.

तिला सांगितलं. तिला इतकं हसू आलं की रस्सा टेबलक्लॉथवर सांडला. 'राजे, अभिनंदन! निदान तुझं कोणीतरी लिहितंय. मी औषधाच्या दुकानात उभी राहून आयुष्य काढलं, माझं कोण लिहिणार? खोकल्याचं औषध?'

मी म्हटलं, विषय गंभीर आहे. मृत्युलेखाची पहिली ओळ ठरलेली असते. अमुक तमुक, हे आणि ते, काल वारले. आता माझ्या बाबतीत काय असणार? 'आन्सेल्म व्होकिए, कादंबरीकार आणि पत्रकार'? की 'पत्रकार आणि कादंबरीकार'?

'काय फरक पडतो?'

काय फरक पडतो! लोक फक्त पहिला शब्द वाचतात. दुसरा शब्द म्हणजे आग्रहाखातर लग्नाला बोलावलेला लांबचा मामा. 'पत्रकार आणि कादंबरीकार' म्हणजे रोज पेपरात काम करायचा आणि रविवारी विरंगुळा म्हणून कागद खराब करायचा, असला माणूस. मी पेपरात शिरलो तो पोटासाठी. पहिली तीन वर्षं चिरडलेल्या कुत्र्यांच्या पानावर काढली— अपघात, चोऱ्या, हरवलेल्या म्हाताऱ्या. मग पहिल्या पानावरचं माझं सोळा ओळींचं सदर, रोज, अठ्ठावीस वर्षं. लोक रस्त्यात थांबवून म्हणायचे, 'तुम्हीच ना ते सोळा ओळीवाले?' मी मनात म्हणायचो, मी चार हजार पानांवाला आहे, मूर्खा.

हे सगळं मी युगेतला सांगितलं. ती म्हणाली, 'कोंबडी गार होतेय.'


गुरुवार, १६ ऑक्टोबर

सरळच विचारलं तिला— कुठला शब्द आधी?

'अजून ठरवलं नाही. आधी पुस्तकं वाचते.'

'कुठली?'

'सगळी.'

अकराही कादंबऱ्या वाचलेला माणूस मला आजवर भेटलेला नाही. आईने पहिली वाचली आणि शेजाऱ्यांना नाव दिसू नये म्हणून तिला खाकी कव्हर घातलं. युगेत चौथीला थांबली, कारण चौथीत ती स्वतः होती. बाजारात आता एकच मिळते, 'पोस्टमास्तरची विधवा'— तीही बेल्जियमच्या शाळांनी लावलीय म्हणून. बेल्जियमची पोरं माझा द्वेष करत मोठी होतायत.

मी म्हटलं, मग आठवड्यातून दोनदा या. मंगळवारी पण या.

'मंगळवारी नाही जमत. मंगळवारी मी इस्पितळात असते.'

'आरोग्याचं पानही तुमच्याच गळ्यात? पेपर फार चिक्कू झालाय हो.'

ती हसली. 'तसंच काहीतरी.'

तिच्यासाठी मुद्दाम रांधलं होतं— वासराचं मटण, पांढऱ्या रश्शातलं. वाढताना म्हटलं, 'घ्या, गरम आहे.' विनोद तिला कळला, पण खाल्ले दोनच घास. वाइनला हात लावला नाही. ब्रतान्यची बाई आणि वाइन नको! कॉफीच्या वेळी मात्र म्हणाली, 'एक बदक चालेल.' आमच्याकडे दारूत बुडवलेल्या साखरेच्या खड्याला बदक म्हणतात, आणि पेपरलाही बदकच म्हणतात. का, ते कोणाला माहीत नाही. मी खडा सफरचंदाच्या दारूत बुडवून दिला. तो तोंडात धरून ती म्हणाली— 'जन्मभर या दोन बदकांवरच जगले मी.'

जगले! स्वतःलासुद्धा भूतकाळात घालते. जीभ पार बिघडलीय तिची.


गुरुवार, २३ ऑक्टोबर

चार कादंबऱ्या वाचून झाल्या म्हणते. निकाल:

पहिली— 'तरुण माणसाने लिहिलीय हे कळतं.' (म्हणजे वाईट.)

दुसरी— 'पाऊस फार आहे.'

तिसरी— काही बोलली नाही. मी वाट पाहिली. तरी नाही बोलली.

चौथी— 'यातली बायको चांगली उतरलीय. नवरा कोण, ते मात्र शेवटपर्यंत कळत नाही.'

नवरा मीच होतो. हे मी तिला सांगितलं नाही.

जाताना दारात म्हणाली, 'खरं म्हणजे मीही लिहितेय साहेब, एक कादंबरी. बरीच वर्षं.'

'हल्ली सगळेच लिहितात,' मी म्हटलं. आणि पाचवी कुठून वाचायला घ्यावी ते समजावून सांगितलं. पाचवीचं पहिलं प्रकरण गाळलं तरी चालतं.


शनिवार, १ नोव्हेंबर

मृतांचा सण. गाडीने बुर्गोन्यला गावाकडे गेलो. वडिलांच्या थडग्यावर शेवंतीची कुंडी ठेवली. शेजारच्या थडग्यावरची कुंडी आमच्यापेक्षा मोठी होती. दरवर्षी असते.


गुरुवार, ६ नोव्हेंबर

आज भांडण झालं.

सातवी वाचून आली होती. 'कालव्याचा रखवालदार.' ही माझी सगळ्यांत चांगली, यात मला कधीच शंका नव्हती. वडील कालव्याच्या दरवाजावर रखवालदार होते— बोट आली की चाक फिरवायचं, पाणी चढवायचं, पाणी उतरवायचं. चाळीस वर्षं तेच. माझं बालपण त्या चाकाच्या आवाजात गेलं. सगळं ओतलंय त्या पुस्तकात.

ती म्हणाली, 'कालवा फार सुंदर आलाय. बोटी, पाणी, धुकं— सगळं डोळ्यांसमोर राहतं. पण रखवालदार कुठे आहे?'

'म्हणजे? पानोपानी आहे!'

'पानोपानी उभा आहे. बोलत नाही.' मग वही उघडली. 'वडिलांना सकाळी न्याहारीला काय आवडायचं?'

मी तोंड उघडलं. आठवणीत चाक आलं, टोपी आली, तंबाखूचा वास आला. वडील जेवत असलेले काही आठवेनात. म्हटलं, 'सूप. कांद्याचं. आम्हा खेड्यातल्या लोकांना—'

'हे खरं, की कादंबरी?'

मी कपातली कॉफी ढवळत राहिलो.

'तुम्ही विचारलंच नाही त्यांना कधी,' ती म्हणाली. आवाज अगदी साधा. डॉक्टर विचारतो ना, शेवटचं कधी जेवलात— तसा. 'गंमत आहे साहेब. पेपरासाठी तुम्ही रोज चार माणसांना प्रश्न विचारलेत. त्या सोळा ओळींत कसाई आहे, टॅक्सीवाला आहे, हरवलेली म्हातारी आहे, आणि सगळी बोलतात. मी कात्रणं वाचलीत. कादंबऱ्यांत मात्र तुम्ही कोणालाच काही विचारलेलं नाही. म्हणून आत्ता तरी मी पत्रकार आधी लिहीन.'

नाकाला मिरच्या झोंबल्या. म्हटलं, 'तुम्ही वर्षाला शंभर मढ्यांवर लिहिता, तुम्हाला कादंबरीतलं काय कळतं?'

हे बोलायला नको होतं. तिने रुमाल नीट केला, वही पिशवीत टाकली आणि म्हणाली, 'अजून चार राहिल्यात. माझं मत बदलू शकतं.' आणि हळूहळू जिना उतरली.

मी सातवी काढून वाचत बसलो. तिचं खरं आहे. रखवालदार नव्वदाव्या पानानंतर एक वाक्य बोलत नाही.

हे इथेच राहू दे.


गुरुवार, १३ नोव्हेंबर

आली नाही. फोन नाही, निरोप नाही. मी केक आणला होता. एकट्याने खाल्ला.


सोमवार, १७ नोव्हेंबर

पुस्तकांच्या बक्षिसांचा महिना. सगळ्या पुस्तकांच्या दुकानांत लाल पट्ट्या गुंडाळलेली पुस्तकं, तान्ह्या पोरांच्या पोटपट्ट्यांसारखी. एकसष्ट साली माझं नाव तिसऱ्या फेरीपर्यंत गेलं होतं. दोन मतं पडली. नंतर कळलं, त्यातलं एक मत चुकून पडलं होतं— परीक्षक म्हातारे होते, त्यांना दुसराच कोणी व्होकिए वाटला. दुसरं मत खरं होतं की काय, याची मी पुढे चौकशी केली नाही.


गुरुवार, २० नोव्हेंबर

नवी वाइन आली म्हणून खालच्या दुकानात बाटली आणायला गेलो. परत येतो तर दुसऱ्या मजल्यावर पायरीवर मारिव्होन बाई बसलेल्या! कठड्याला डोकं टेकून, मांडीवर वही.

'इथे काय करताय?'

'टिपणं काढतेय,' म्हणाली. डोळे मिटलेलेच.

'माझ्या मृत्युलेखात जिना कशाला?'

'वातावरण,' ती म्हणाली.

वर येऊन आठ, नऊ आणि दहा यांच्याबद्दल बोलली. नववी तिला आवडली! म्हणजे म्हणाली, 'नववीत एक मोलकरीण आहे, ती जिवंत आहे. पान दोनशेचार.' ती मोलकरीण पान दोनशेपाचवर मरते. तरी मी आनंदात. ती गेल्यावर नवी वाइन उघडून एकट्यानेच प्यायलो. दरवर्षीसारखीच वाईट आहे.


गुरुवार, ४ डिसेंबर

पेपराच्या संपादकाला फोन केला. प्रादेय. मी त्याला चिरडलेल्या कुत्र्यांवर घेतला होता, आता खुर्चीत बसून माझ्याशी अदबीने बोलतो. मी आडून आडून विषय काढला— पहिली ओळ कोण ठरवतं, शब्दांचा क्रम वगैरे.

'साहेब, ते सगळं मारिव्होन बघते. मी मध्ये पडत नाही. आणि घाई काय आहे? तुम्ही आधी मरा तरी, मग पाहू.'

जुने शिष्य. दुसरं काय!


गुरुवार, १८ डिसेंबर

संप. गाड्या बंद, बसचा भरवसा नाही. ती अर्धं पॅरिस चालत आली. चेहरा कागदासारखा पांढरा. म्हटलं, 'थंडी बाधेल, असल्या हवेत बाहेर पडू नये.' मला दुसरं सुचलं नाही.

अकरावी वाचून झालीय. मी खुर्ची पुढे ओढली.

'अकरावीत तुम्ही दमलेले आहात,' ती म्हणाली. 'पण खोटं बोललेलं नाहीत.'

'मग? कुठला शब्द आधी?'

'एक प्रश्न राहिलाय. तो सुचला की सांगते.'

एक प्रश्न! दोन महिने मी हिला जेवू घालतोय.


गुरुवार, २५ डिसेंबर

युगेतकडे कालवं. एक खराब निघालं. तिने ते न बोलता माझ्या ताटातून काढून घेतलं.


गुरुवार, ८ जानेवारी १९८७

आज तिघं मिळून राजांचा केक खाल्ला. बेत युगेतचा— 'तुझ्या मरणाच्या बाई कशा आहेत ते मला बघायचंय.'

केकच्या पोटात चिनीमातीचा दाणा असतो; ज्याच्या तुकड्यात निघेल तो राजा. सगळ्यांत लहान माणसाने टेबलाखाली बसायचं आणि कुठला तुकडा कोणाचा ते ओरडून सांगायचं, म्हणजे लबाडी नको. आमच्यात लहान मारिव्होन. शेहेचाळीस वर्षांची— आज कळलं. टेबलाखाली शिरली. युगेतने सुरी ठेवली, विचारलं, 'हा कोणाचा?'

'युगेतबाईंचा!'

'हा?'

'साहेबांचा!'

'आणि हा?'

टेबलाखालून बराच वेळ आवाज नाही. मग— 'हा म्हणजे माझाच राहिला.'

वर यायला तिला जमेना. युगेतने हात दिला.

दाणा तिच्याच तुकड्यात निघाला. एवढासा मासा, निळा. मी सोनेरी कागदाचा मुकुट तिच्या डोक्यावर घालायला गेलो आणि रुमाल मागे सरकला. खाली केस नाहीत. म्हणजे आहेत, नुकत्याच उगवलेल्या गवतासारखे.

मी म्हटलं, 'अरे वा! नवी फॅशन?'

युगेतने टेबलाखालून असली लाथ मारली की नडगी अजून निळी आहे.

मारिव्होन हसली. खरंच हसली. मुकुट स्वतःच नीट बसवला आणि म्हणाली, 'राणीला बदक मिळेल का?' मी दोन दिली.


रविवार, ११ जानेवारी

कोंबडी. पण गोडाधोडाचं काही नाही, सरळ तोफखाना.

'ती आजारी आहे, गाढवा. मी चाळीस वर्षं औषधं विकलीत. मला चिठ्ठी नाही लागत.'

'मला वाटलं थंडीमुळे—'

'तीन महिने ती तुझ्या घरी येतेय. तिला नवरा आहे? पोरं आहेत? राहते कुठे?'

माहीत नाही. मंगळवारी इस्पितळात असते, एवढं मला माहीत होतं. ते मात्र सांगायची हिंमत झाली नाही.

'पुढच्या गुरुवारी तिला विचार,' युगेत म्हणाली. 'कशी आहेस, एवढंच. अकरा कादंबऱ्या लिहिणाऱ्याला जमेल?'

जमेल. न जमायला काय झालं?


गुरुवार, १५ जानेवारी

बर्फ. गुडघ्याएवढा. ती येणार नव्हतीच, फोन आला. आवाज लांबून आल्यासारखा. म्हणाली, 'साहेब, आईकडे आलेय, द्वार्ननेला. समुद्रसुद्धा पांढरा दिसतोय.'

मी तयार होतो. वाक्य घोकून ठेवलं होतं— कशा आहात तुम्ही? तोंडात आलंही होतं.

तेवढ्यात ती म्हणाली, 'सातवी परत वाचतेय.'

सातवी! परत! माझी कादंबरी आजवर कोणी एकदा वाचून परत हातात धरली नव्हती. मी विचारलं, मग? ती म्हणाली, रखवालदार चाक फिरवतो त्या पानावर आपण वाचताना थोडी घाई केली होती, तिथे काहीतरी आहे. मी म्हटलं, आहेच! आणि सुटलो. ते पान कसं लिहिलं, किती वेळा फाडलं, प्रकाशकाने काय कापायला लावलं, चाकाचं लाकूड कुठलं होतं— सगळं. ती 'हं' म्हणत होती. मध्ये एकदा खोकली. शेवटी म्हणाली, 'दमले जरा. ठेवू?'

ठेवला.

विचारायचं राहिलं.


बुधवार, २१ जानेवारी

द्वार्ननेला फोन करायला हवा. उद्या करतो.


गुरुवार, २२ जानेवारी

उद्या.


मंगळवार, ३ फेब्रुवारी

सकाळी प्रादेयचा फोन. मारिव्होन रविवारी गेली. आईच्या घरी.

मी म्हटलं, 'हो?' हा काय शब्द झाला! पण तेवढाच निघाला.

प्रादेय म्हणाला, 'साहेब, अडचण आहे. कपाटात सगळ्यांचं आहे, तिचंच नाही. कोणाच्या डोक्यातच आलं नाही. शेवटचे महिने ती तुमच्याकडे येत होती, तर म्हटलं तुम्हीच… पन्नास ओळी. परवा सकाळपर्यंत.'

हो म्हटलं. टेबलाशी बसलो. कागद लावला. नाव टाइप केलं. पुढे काही नाही.

मग ही रोजनिशी काढली. म्हटलं, इतके गुरुवार ती इथे बसली, काहीतरी लिहिलं असेलच मी. चाळली. पानंच्या पानं माझी! निळा रुमाल. वाइन नको. बदक चालेल. पायरीवर बसली होती. इस्पितळ— आणि त्यावर माझा विनोद. 'मीही लिहितेय साहेब, एक कादंबरी'— आणि त्यावर माझं 'हल्ली सगळेच लिहितात'. त्याच्या खाली पाचवी कुठून वाचावी ते.

तिने मला किती प्रश्न विचारले! मी तिला विचारलेले सगळे एकाच गोष्टीबद्दलचे: कुठला शब्द आधी.

लाज वाटली. साधी, पोरांना वाटते तशी. उठून टेबलावरच्या त्या अकरा कादंबऱ्या फडताळात टाकल्या आणि दार लावलं.


बुधवार, ४ फेब्रुवारी

प्रादेयकडून नंबर घेऊन द्वार्ननेला फोन केला. आईने उचलला. म्हातारी, आवाज खणखणीत. मी नाव सांगितलं.

'हां हां, कालव्यावाले!' ती म्हणाली. 'वाचून दाखवलं मला पोरीने. तुमचा तो रखवालदार बरा आहे हो. पण मेला बोलत का नाही?'

मी म्हटलं, माझी चूक. प्रश्न कागदावर लिहून ठेवले होते, तरी पहिला तसा विचारला गेला नाही. मी विचारलं— 'मारिव्होनला सकाळी न्याहारीला काय आवडतं?'

आवडतं! माझ्याच कानाला खटकलं. आता ती दुरुस्त करणार, म्हणून थांबलो.

'आदल्या दिवशीचं गार घावन,' आई म्हणाली. 'वर खारं लोणी, बोटभर. गरम करून दिलं तर रागावते. म्हणते, गारच दे, त्यालाच चव असते.'

दोघंही चुकत होतो. दोघांनीही दुरुस्त केलं नाही.

मग विचारत गेलो. नवरा होता, बोटीवर असायचा, आता नाही. मूल नाही. मांजर आहे, नाव 'संपादक'. लहानपणी माशांच्या कारखान्याच्या दारात बसून आईची वाट पाहायची. कादंबरी? 'आहे ना. इथे टेबलावर आहे. आम्हा बायांवर लिहितेय— डब्यांत मासे भरायचो ना आम्ही, त्यावर. जीव खाल्ला माझा! हात कसे धुवायचात, गाणं कुठलं म्हणायचात, मुकादम चिमटा कसा काढायचा… रोज काहीतरी विचारतेच. शेवट तेवढा राहिलाय.'

संध्याकाळपर्यंत बोलत होतो. शेवटी म्हातारीच म्हणाली, 'तुम्ही जेवलात का हो?'


गुरुवार, ५ फेब्रुवारी

पन्नास ओळी दिल्या. पहिली: 'मारिव्होन ल गेलेक, कादंबरीकार आणि पत्रकार.'

प्रादेयचा फोन. 'साहेब, कादंबरीकार? तिची एकही छापलेली नाही!'

'माझ्या अकरा छापल्यात. तू एक तरी वाचलीस?'

मग म्हणाला, ठीक आहे, तसंच जाऊ दे. आणि जाता जाता— 'तुमचं ती पुरं करून गेलीय बरं का. द्वार्ननेहून पाठवलं होतं. कपाटात आहे.'

'बरं,' मी म्हटलं. 'तिच्या पहिल्या ओळीतला शब्द कोणी हलवला तर बघ. आणि घावनाला गरम म्हणू नका. गार!' फोन ठेवला. पाव कापला, खारं लोणी लावलं. अर्धा खाऊन झाल्यावर लक्षात आलं— माझ्या लेखात कुठला शब्द आधी आहे, ते विचारायचंच राहिलं.